दरड राहू द्या : नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी साहेब, नाशिक
यांस सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यात कादवेकाठी द्राक्षबाग करतो. बागेखालच्या वळणावर नदीने कापलेली मातीची सरळसोट दरड होती, वेड्या राघूंच्या बिळांनी भरलेली. (वेडा राघू म्हणजे पोपट नव्हे, किडे टिपणारं छोटं हिरवं पाखरू.) दरड होती म्हणतो, कारण गेल्या एप्रिलमध्ये भरावासाठी जेसीबीने ती अर्धी ओरबाडून नेली. मी आडवा गेलो, तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "काका, ही गेल्या सालची बिळं आहेत, रिकामी." दुपारी ढिगाऱ्यात वेड्या राघूची चार पिल्लं सापडली, अजून पिसंही न फुटलेली. जोडी चोचीत चतुर घेऊन अंधार पडेपर्यंत तिथेच घिरट्या घालत होती.

साहेब, तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला माहीतच नव्हतं. जुनं बीळ बहुधा रिकामंच असतं. त्यात पिसवा होतात, किड्यांचे पंख आणि विष्ठा साचते, म्हणून ही पाखरं सहसा नवं बीळ कोरतात. पण कोरतात त्याच दरडीत, जुन्या भोकाच्या शेजारी. पावसाळ्यात पुराने दरडीचा पापुद्रा गळतो, काही जुनी बिळं धुपून जातात, ताजी माती उघडी पडते. फेब्रुवारीत राघू येतात आणि चोचीने उकरून, पायांनी माती मागे उडवत हातभर आत जातात. म्हणजे जिथे जुनी भोकं जास्त, तिथे यंदाही वसाहत होण्याचा संभव जास्त. अशाच दरडीत बिळं करणारी दुसरी पाखरं, आपल्या नदीकाठच्या छोट्या पाकोळ्या, तर थंडीतच अंडी घालतात.

काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, केलं की हे सगळं कायमचं संपतं. सिंहस्थ २०२७ चा आहे, गोदाकाठी कामं निघणारच. गावाला पुराचा धोका असेल तिथे पिचिंग जरूर करा, माझी तक्रार नाही. पण शेतातल्या, ओसाड वळणावरच्या उभ्या दरडी मोकळ्या सोडा. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला २०२० मध्ये रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण ही दरड अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे.

माती-मुरूम उचलायची परवानगी आपल्याच महसूल यंत्रणेतून निघते. त्या कागदावर एवढी एकच अट घाला : नोव्हेंबर ते जून, बिळं असलेल्या दरडीला तलाठ्याने पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. पाहणं अवघड नाही. तोंडाशी कोळ्याचं जाळं असेल तर बीळ रिकामं. राघूंच्या पायांनी पडलेल्या दोन समांतर खाचा ताज्या दिसल्या, तर आत संसार आहे.

आमची उरलेली अर्धी दरड अजून उभी आहे. येत्या फेब्रुवारीआधी हा आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
कादवाकाठचा एक शेतकरी