केक नको, नोव्हेंबरात या

डोंबिवली (पूर्व)

चि. मिहिर,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. 1 ऑक्टोबरला तुमच्या ऑफिसची मंडळी बस करून वृद्धाश्रमात जाणार, बरोबर केक, फळं, छापील टीशर्ट आणि हाउझी. वर तू विचारतोस, 'आई, तू त्यातली आहेस, आणखी काय न्यावं ते सांग.' त्यातली म्हणजे म्हाताऱ्यांतली की काम करणाऱ्यांतली, ते काही तू लिहिलं नाहीस. मी दोन्हींतली आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी सांगते ते तुला आवडणार नाही. त्या दिवशी जाऊच नका. 1 ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी 1990 साली ठरवला, आणि तेव्हापासून त्या एका तारखेला जग आमच्यावर तुटून पडतं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातली एक मैत्रीण आता आश्रमात राहते. ती म्हणते, त्या दिवशी सकाळपासून केस विंचरून बसवतात, तीन-तीन गट येतात, प्रत्येक गटाबरोबर तेच फोटो आणि तेच 'आजी, गाणं म्हणा ना!' पितृपक्षातही तसंच. गेलेल्यांच्या नावानं खीर आणि जिलबी येते, ती खाणाऱ्यांत निम्म्यांना साखर. मग दिवाळी. आणि जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी नखं कापून द्यायलासुद्धा कोणी नसतं. हाउझी मात्र ठेवा. हाउझी सगळ्यांना आवडते, फक्त बक्षिसं रोख द्या. साबणाच्या डब्या फार जमल्यात.

आता काय करावं ते. तुम्ही नोव्हेंबरात या. मी बँकेत पेन्शनच्या काउंटरवर नोकरी केली, त्यामुळे नोव्हेंबर म्हटलं की मला अजून धडधडतं. पेन्शनरानं वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं, म्हणजे हयातीचा दाखला द्यायचा, तो हा महिना. ऐंशी ओलांडलेल्या सरकारी पेन्शनरांना केंद्रानं 1 ऑक्टोबरपासूनच मुभा दिली आहे, पण हे कित्येकांना ठाऊक नसतं आणि तेही नोव्हेंबरच्या रांगेत काठी टेकून उभे राहतात. दाखला गेला नाही तर पेन्शन थांबते. नंतर दिला की थकबाकीसकट सुरू होते, पण मधले दोन महिने औषधं कशी आणायची?

2014 साली 'जीवन प्रमाण' आलं आणि दाखला आधारवरून, बोटाचा ठसा देऊन निघू लागला. ऐकायला सोपं. पण जन्मभर भांडी घासलेल्या, खुरपं धरलेल्या हातांना ठसे उरतात कुठे? यंत्र 'जुळत नाही' म्हणतं आणि ती बाई आपलंच काही चुकलं असं समजून पदराला बोट पुसत राहते. 2021 पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो, आणि इथे तुम्ही पोरं खरोखर उपयोगी पडता. दोन अ‍ॅप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि एक आधारच्या चेहरा-ओळखीचं. उजेड समोरून हवा, मागे शक्यतो कोरी भिंत, चष्मा काढलेला, आणि सांगितलं की पापणी मिटायची. आमच्या संघातले एक गृहस्थ पापणी मिटायची म्हणजे दोन्ही डोळे गच्च आवळून बसायचे. त्यांच्या वेळी सगळी खोली हसली, तेसुद्धा हसले.

माहिती भरताना मात्र घाई नको. आधार, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा जो आदेश असतो त्याचा नंबर, पेन्शन जमा होणारं खातं, पेन्शन देणारी कचेरी हे पासबुक आणि पीपीओ समोर ठेवूनच भरायचं. पुन्हा नोकरी धरली आहे का, पुनर्विवाह केला आहे का, हेही तो अर्ज विचारतो. चौऱ्याऐंशीच्या आजोबांना हे विचारताना तुमच्यातला एखादा लाजेल, पण विचारावंच लागतं, कारण उत्तर 'हो' असेल तर हा रस्ता बंद, कचेरीतच जावं लागतं. आणखी एक, दाखला तयार झाल्याचा मेसेज आला म्हणजे काम फत्ते असं नाही. कचेरी तो नाकारू शकते. म्हणून प्रमाण आयडी, म्हणजे त्या दाखल्याचा नंबर, मोठ्या अक्षरात वहीत लिहून द्यायचा आणि आठवड्यानं पुन्हा बघायचं. दिवसभराची बस करून येणाऱ्यांकडून नेमकं हेच राहतं.

प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन घेणारे, म्हणजे ईपीएस-95 वाले, यांनी तर नोव्हेंबरात रांग लावायचं कारणच नाही. त्यांचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. जो अंथरुणावर आहे त्याच्याकडे थोड्या शुल्कात पोस्टमन येतो. एवढं सांगणारा माणूस दारात आला तरी पुष्कळ झालं.

दुसरं काम मला स्वतःला फार आवडतं, फोन कापण्याची तालीम. 'डिजिटल अरेस्ट' नावाचं जे चाललंय ते तू वाचतोसच. व्हिडिओ कॉलवर खाकी घातलेला माणूस, तुमच्या नावानं पार्सलात अमली पदार्थ सापडले, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, पैसे 'तपासणीसाठी' वळते करा. कायद्यात अशी अटक नाही, हे आम्हाला भाषणात सतरांदा सांगून झालंय. तरी आमच्या पिढीची माणसं अडकतात. अक्कल कमी म्हणून नव्हे रे. समोरचा बोलत असताना फोन ठेवणं हा आमच्या लेखी उद्धटपणा, आणि पोलिसासमोर तर आवाज चढवायचा नसतो. माहिती आहे, सवय नाही. म्हणून आम्ही भाषणं बंद केली. कॉलेजची दोन मुलं शेजारच्या खोलीतून फोन करून दरडावतात, आणि आम्ही एकेकानं वाक्य अर्ध्यात तोडून फोन कापायचा. सुरुवातीला आमच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका 'बरं, ठेवू का मग?' विचारून ठेवायच्या! आता त्या असा कापतात की पोरं घाबरतात. त्यानंतर 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन लावायचा, तो नंबर कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. तुमच्या ऑफिसात नाटकवेडे असतीलच, त्यांना लावा कामाला.

सरकारी दवाखान्यात सोबत जाणं हे तिसरं. केसपेपर काढणं, रांगेत जागा धरणं, आणि डॉक्टर बोलतील ते कागदावर टिपून घेणं, कारण ऐकू कमी आलं तरी माणूस मान डोलावतो. याला कौशल्य काही लागत नाही, रजा लागते.

आता ज्यासाठी मी कागद घेऊन बसले ते. तुझ्या निरोपात 'वृद्धांसाठी काहीतरी' असं तीनदा आलं. ते सगळं तुम्ही आमच्यासाठी करणार आणि आम्ही खुर्च्यांवर बसून घेणार, यात मला रस नाही. दाखल्यांच्या मदतीसाठी आमचा संघ जे टेबल लावतो, त्यावर प्रत्येक तरुणाच्या शेजारी संघातला एक जण बसतो. मोबाइल मुलाच्या हातात, पीपीओ म्हाताऱ्याच्या. कोषागार म्हणजे काय, कुटुंब पेन्शनचा नंबर वेगळा असतो का, हे त्या मुलाला माहीत नसतं, आणि आलेली विधवा बाई आपली कागदपत्रं अनोळखी पोराच्या हाती देत नाही, माझ्या हाती देते. जोडी जमली की काम झपाट्यानं होतं. मुलगा सुटीवर गेला तरी टेबल चालू राहतं, हा त्यातला खरा फायदा.

मुरबाड तालुक्यातलं फांगणे तुला आठवतं? 8 मार्च 2016 ला योगेंद्र बांगर गुरुजींनी तिथे आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बाया गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन यायला लागल्या. वर्तमानपत्रांना फोटो मिळाले, पण मला त्यातलं वेगळंच भावलं. शिकवायला बाहेरून कोणी पथक आलं नाही, गावातल्याच एका सुनेनं शिकवलं आणि तिची सासू समोर बसून शिकली. सासूला सुनेनं 'पुन्हा लिहा' म्हणायचं! चार भिंतींत काय काय हललं असेल त्यामुळे.

तुमच्या ऑफिसच्या आसपासही ज्येष्ठ नागरिक संघ असणारच. फेस्कॉम हा राज्यातल्या या संघांचा महासंघ, तिथे विचारलंत तर पत्ता मिळेल. जाऊन आधी विचारा, तुम्हाला काय हवंय आणि तुम्ही काय द्याल. दुसरा प्रश्न विचारायचाच. निवृत्त फिटर, नर्स, हिशेबनीस तिथे कॅरम खेळत बसलेले सापडतील. म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या मुलांचं गणित घ्यायला आमच्यातले चौघे जातात. त्यांना कोणी नेऊन सोडलं, आणलं, की झालं. तेवढं तुमच्यातला गाडीवाला करेल.

थोडे नियम आहेत, ते तुझ्या साहेबालाही वाचून दाखव. कोणाचं एटीएम कार्ड हातात घ्यायचं नाही, पिन तर कानावरही पडू द्यायचा नाही. ओटीपी ज्याचा त्यानं वाचायचा, फोन त्याच्यासमोरच राहायचा. घरी जायचं तर दोघांनी, आणि मुलाला किंवा शेजाऱ्याला कळवून. फोटो विचारल्याशिवाय नाही. कोणाच्या अंगावर वळ दिसले, कोणी उपाशी ठेवल्याचं सांगितलं, तर स्वतः सुनेशी भांडायला जाऊ नका. 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे कळवा. आणि पुढच्या शनिवारी येतो म्हणालात तर यायचं. वाट बघत बसणं आम्हाला छान जमतं, त्याचा गैरफायदा घेऊ नये.

साहेब तयार असतील तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघी पुण्याला येऊन तुमच्या मुलांना टेबल कसं चालवायचं ते शिकवतो. एसटीनंच येऊ. पंचाहत्तरी ओलांडलेल्या दोघींना फुकट, आम्हा दोघींना अर्धं तिकीट, तेव्हा कंपनीनं गाडी पाठवायचा थाट करू नये. जागा तळमजल्यावरची बघ, कमोड असलेली. कागद ठेवायला मोठं टेबल आणि हात असलेल्या खुर्च्या हव्यात, बिनहाताच्या खुर्चीतून आम्हाला उठवत नाही. जेवायला साधा वरणभात पुरे. बॅनर छापायला टाकलं असेल तर त्यावरची तारीख बदलून घे.

तुझी,
आई