येऊ घातलेले डिटेक्टर आणि जमिनीखालचे सोने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोन्याचा भाव तोळ्याला लाख रुपये ओलांडून गेल्यापासून जमिनीतले सोने हुडकणाऱ्या नव्या डिटेक्टरविषयीच्या वावड्या मराठी वाचकांपर्यंतही पोचू लागल्या आहेत. अमुक कंपनीचे यंत्र लवकरच बाजारात येणार, ते दोन-तीन मीटर खोलवरचे सोने पडद्यावर दाखवणार, लोखंड कोणते आणि सोने कोणते हेही सांगणार, असा त्यांचा सूर असतो. मी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात बेंडिगोजवळ राहतो आणि सवड मिळेल तेव्हा रीतसर परवाना घेऊन हा छंद जोपासतो. ज्या यंत्रांबद्दल हे अंदाज बांधले जातात त्यांपैकी बरीचशी इथल्याच जमिनीसाठी घडवलेली असल्याने, त्यांतले पटण्याजोगे काय आणि न पटण्याजोगे काय हे मांडावेसे वाटले.

इथे १८५१ पासून सोन्यासाठी जमीन उकरली जात आहे, तरीही सोने शिल्लक आहे, याचे कारण इथली माती आहे. बेंडिगो, डनॉली, मेरीबरो या पट्ट्यातली लाल जमीन लोहाने भरलेली आहे. कोकणातला जांभा डोळ्यांपुढे आणला म्हणजे तिची थोडीफार कल्पना येईल. साध्या डिटेक्टरला ही मातीच धातूसारखी भासते आणि तो सारखा केकाटत राहतो. १९९५ मध्ये ॲडलेडच्या माइनलॅब कंपनीने एसडी २००० हे यंत्र आणले, तेव्हा पहिल्यांदा या त्रासावर चांगला तोडगा निघाला. त्यातल्या पल्स इंडक्शन पद्धतीत कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, विजेचा झटका सोडून तो एकदम तोडतात आणि त्यामुळे जमिनीतल्या धातूत उठलेले प्रवाह कसे विरत जातात ते टिपतात. वेगवेगळ्या लांबीचे झटके वापरून मातीचा आवाज बाजूला काढण्याची युक्ती या यंत्राने साधली, आणि पिंजून काढलेल्या समजल्या जाणाऱ्या जागांतून पुन्हा सोने निघू लागले.

त्यानंतरच्या प्रत्येक पिढीत सुधारणा झाली ती बहुतांशी याच वाटेने. याच कंपनीच्या २०१५ च्या जीपीझेड ७००० ने खोलीत थोडी भर घातली, पण त्याचे वजन सव्वातीन किलोंच्या वर होते. २०२१ चा जीपीएक्स ६००० दोन किलोंच्या आसपास आला आणि गव्हाच्या दाण्याहून लहान कणही ऐकू लागला. मोठ्या, खोल सोन्यासाठी मात्र अनेक जुने शोधक अजून ७००० च हाती धरतात. उन्हात दिवसभर यंत्र झुलवणाऱ्या माणसाला एक किलो कमी झाल्याचे मोल सेंटिमीटरभर खोलीपेक्षा जास्त वाटते, हे जाहिरातीत कधी येत नाही.

म्हणून ७००० च्या वारसदाराविषयीच्या चर्चेत माझा अंदाज साधा आहे. यंत्र हलके होईल, विजेच्या तारांखाली कमी बिथरेल, खारट जमिनीत अधिक शांत राहील. गॅरेट या अमेरिकी कंपनीच्या ॲक्सिअमसारखे प्रतिस्पर्धी आल्यामुळे किमतीवर थोडा लगाम बसला तर आनंदच आहे. खोलीबाबत मात्र चमत्काराची आशा मला दिसत नाही, आणि त्याचे कारण कंपन्यांच्या कुवतीत नसून भौतिकशास्त्रात आहे. सोन्याच्या लहान गोळ्याकडून परत येणारा प्रतिसाद, कॉइलपासून पुरेसे दूर गेल्यावर, अंतराच्या सुमारे सहाव्या घाताने घटतो. म्हणजे तोच गोळा दुप्पट खोल असेल तर सिग्नल चौसष्टपट क्षीण होतो. झटक्याचा जोर वाढवावा, तर मातीचा प्रतिसादही त्याच प्रमाणात वाढतो. तेव्हा अंगठीएवढे सोने दोन मीटरवरून ओळखणारे यंत्र पुढच्या वर्षी येणार, असे कोणी सांगितले तर ते खुशाल सोडून द्यावे.

लोखंड ओळखण्याची गोष्टही अशीच. वरवर पडलेल्या वस्तूंबाबत यात प्रगती होईल, पण खोलवरच्या पुसट सिग्नलमध्ये लोखंडाची खूण मिळणे अवघड असते. आज सिग्नल आला की कुदळीने उकरायचे, मूठभर माती प्लास्टिकच्या सुपलीत घेऊन कॉइलवरून फिरवायची, आवाज आला की सुपलीतली अर्धी माती बाजूला काढून उरलेली पुन्हा फिरवायची, आणि असे करता करता तळाशी उरतो तो बहुधा बंदुकीचा काळवंडलेला छर्रा किंवा बुटाचा खिळा. येणारे यंत्र हे काम थोडे कमी करील, संपवणार नाही.

इथल्या गाजलेल्या शोधांकडे पाहिले तर यंत्राच्या पिढीला किती महत्त्व द्यावे हेही कळते. १८६९ मध्ये मोलियागुल येथे जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना मिळालेला ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सोन्याचा गोळा, ज्यातून बहात्तर किलो सोने निघाले, झाडाच्या मुळांशी जमिनीखाली जेमतेम काही सेंटिमीटरवर होता. १९८० मध्ये किंगोवर येथे सापडलेला सत्तावीस किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ सुमारे तीस सेंटिमीटरवर होता, आणि तो ज्या गॅरेट डिटेक्टरने सापडला तो आज कपाटात ठेवण्याच्या लायकीचा मानला जाईल. २०२३ मध्ये उजेडात आलेला ४.६ किलोंचा दगड, ज्यात २.६ किलो सोने होते, तोही सुमारे बाराशे डॉलरच्या यंत्राने मिळाला. सर्वांत महागड्या यंत्राला त्याच्या कितीतरी पट किंमत पडते. असे असताना हातातले चांगले यंत्र विकून नव्याची वाट पाहणारे सोबती पाहिले की ‘बाजारात तुरी’ ही म्हण आठवते.

हे सारे आपल्या वृत्तपत्राला कळवण्याचे कारण वेगळे आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टचा आहे. त्यात इथल्यासारखे विखुरलेले सोन्याचे गोळे सापडत नाहीत. त्यामुळे अशा बातम्यांचा उपयोग तिकडे होतो तो गुप्तधनाच्या नादी लागलेल्यांना यंत्रे विकण्यासाठी, आणि त्यांत शेकडो मीटरवरून सोने दाखवणाऱ्या अँटेनावाल्या दांड्याही असतात, ज्यांच्या आत दाखवण्यासारखे काही नसते. एडीई ६५१ हा असाच अँटेनावाला बनावट बॉम्बशोधक इराकला विकणाऱ्या ब्रिटिश व्यापाऱ्याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या उपकरणाचे मूळ गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या खेळण्यात होते.

तरी विनंती अशी की, नव्या डिटेक्टरची बातमी छापताना किती वजनाचे सोने, कोणत्या मातीत, किती खोलीवर आणि कोणी तपासले, एवढे कंपनीला किंवा विक्रेत्याला विचारून ते बातमीत द्यावे. उत्तर मिळाले नाही तर तेही छापावे. त्याच जागी, पुरलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असला तर १८७८ च्या कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, ही एक ओळही द्यावी.

आपला,
एक वाचक, बेंडिगो, ऑस्ट्रेलिया