रविवारपलीकडचे चर्च

महोदय,

चर्च म्हटले की लोकांना रविवारची उपासना नाहीतर नाताळ आठवतो. मी ख्रिस्ती नाही. पण आईच्या शेवटच्या आजारपणात जवळच्या लहानशा चर्चमधल्या एक बाई दर गुरुवारी येत. आईला पेपर वाचून दाखवत, औषधांची पाकिटे तारखेनुसार लावत आणि जाताना डबा घासून ठेवत. धर्माचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मीच वाट पाहत होतो, खरे तर!

ही परंपरा जुनी आहे. विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जाते अशी तक्रार आली तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडले, असे बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. लंडनमधल्या एका चर्चमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला. भेटीला आलेल्यांना चहा देणाऱ्या स्वयंसेवकांपाशीच लोक मन मोकळे करू लागले. तीच पुढे 'समॅरिटन्स' संस्था झाली.

लहान चर्चमध्ये सलग दोन रविवार कोण दिसले नाही, हे लगेच कळते. मोठ्या संस्थांना हे जमत नाही. अडचण एवढीच, की राबणारे तेच चार-पाच जण असतात आणि त्यांचीही वये झालेली. आमच्याकडे येणाऱ्या बाईंना आता जिना चढवत नाही.

— एक वाचक