शेगलाचा पाला ताटात हवाच, पण लोहाच्या गोळीऐवजी नको

महोदय,

गोकुळाष्टमीला आमच्या सिंधुदुर्गात आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि शेगलाची म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी ठरलेली. काड्या काढून कोवळा पाला खुडायचा, कांद्यावर परतायचा, फणसाच्या आठळ्या घालायच्या, वरून ओलं खोबरं. शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सहा ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढ्याच दुधात कॅल्शियम १२० मिलिग्रॅमच्या आसपास. परड्यात फुकट मिळणारी ही भाजी खा, असं आरोग्यसेविका म्हणून मी वाडीवाडीत सांगत आले आणि निवृत्तीनंतरही सांगते.

हाच पाला आता ‘मोरिंगा पावडर’ होऊन डब्यांत आला आहे. ‘रक्त वाढवते’ म्हणून मोबाइलवर त्याची जाहिरात फिरते. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतल्या एका गरोदर मुलीचं हिमोग्लोबिन आठच्या खाली गेलं. सरकारी लाल गोळ्यांची पाकिटं फळीवर तशीच पडलेली. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून तिनं गोळ्या सोडल्या होत्या आणि नात्यातल्या बाईंकडून घेतलेली पावडर सकाळच्या चहाबरोबर सुरू केली होती. “सिस्टर, पावडर नैसर्गिकच आसा मा?” असं तिनं मला विचारलं.

तिला मी हिशेब मांडून दाखवला. गरोदरपणातल्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. शंभर ग्रॅम पाल्यात ते साडेचारच्या आसपास. म्हणजे एका गोळीची बरोबरी करायला रोज सव्वा किलोहून जास्त पाला खावा लागेल! चमचाभर पावडरीत तर जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. शिवाय भाजीपाल्यातलं लोह अंगी लागतं थोडंच, आणि बरोबर चहा घेतला की तेही अडतं. भाजीवर लिंबू पिळलं तर फायदा होतो. गोळीनं मळमळत असेल तर ती रात्री जेवणानंतर घ्यावी, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. शौचाला काळं होतं ते लोहामुळे, त्याला घाबरायचं कारण नाही. एवढं कोणी नीट समजावलं असतं तर त्या मुलीनं गोळ्या सोडल्याच नसत्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. अशा राज्यात डब्यावरच्या मजकुराकडे कानाडोळा करून चालणार नाही. ‘हेल्थ सप्लिमेंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना बंधनकारक आहे, पण ती बारीक इंग्रजी अक्षरांत कुठेतरी कोपऱ्यात असते. ती मराठीत, ठळक, डब्याच्या दर्शनी बाजूवर छापायला लावावी. अन्न व औषध प्रशासनानं मोबाइलवरच्या या जाहिरातींकडेही बघावं.

आणि पाला खायचा तर ताजा खावा. शाळांच्या परसबागांत आणि अंगणवाड्यांच्या आवारात शेवगा लावावा, मूठभर पाला मुलांच्या खिचडीत पडू द्यावा. त्याला रोपवाटिकेची गरज नाही, पावसाच्या तोंडावर जाडसर फांदी रोवली की जगते. छाटणी करून झाड बुटकं ठेवलं तर पाला हाताशी येतो.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग