मुलाखतीच्या टेबलाशेजारी कामाचं टेबल ठेवा

माननीय संपादक,

रोजगार मेळाव्यांच्या बातम्या आपल्या दैनिकात वाचतो. किती तरुण आले, किती निवडले गेले, ते कळतं. पहिल्या दोन मिनिटांतच कोण बाद झालं, ते कुठे छापून येत नाही.

जळगावच्या एमआयडीसीत ठिबक सिंचनाच्या नळ्या जोडायचे आणि बंद करायचे भाग, म्हणजे जॉइनर, टी, एन्ड कॅप, बनवायचा माझा छोटा कारखाना आहे. तीन वर्षांपूर्वी यावल तालुक्यातला एक तरुण वडिलांसोबत आला. मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, हे वडिलांनीच सांगितलं. आयटीआय पास, पण दोन ठिकाणी मुलाखतीतूनच परत पाठवलेला, कारण तो समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही. मीही आधी प्रश्नच विचारत बसलो आणि तो गप्प. शेवटी त्याच्यापुढे जॉइनरचं क्रेट ठेवलं, एक चांगला नग आणि एक खराब नग दाखवला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत क्रेट निवडून झालं होतं. आमच्या तपासणीतून सुटलेले, केसाएवढी चीर असलेले सात नग त्याने बाजूला काढले होते. असा एक नग मे महिन्यात केळीच्या बागेत फुटला, तर पुढच्या झाडांना पाणीच पोचत नाही.

त्याच्यासाठी केलं ते इतकंच: बसायची जागा ग्राइंडरपासून लांब हलवली, कामाच्या सूचना फळ्यावर लिहायला लागलो आणि पाळी बदलायची असेल तर आदल्या दिवशी सांगू लागलो. खर्च एका फळ्याचा. त्या फळ्याचा फायदा मात्र सगळ्यांनाच झाला. ऐकण्यात गफलत होऊन भलत्याच मापाचा माल निघायचा, ते जवळपास थांबलं. सुरुवातीला नाराज असलेला आमचा फोरमन आता म्हणतो, "भाऊ, पोऱ्या बोलस कमी, पन काम चोख करस."

अशी प्रत्येक व्यक्ती विलक्षण बुद्धीची असते, असा समज मात्र नको. तो त्यांच्यावर अन्यायच आहे. वीज जाऊन जनरेटर सुरू झाला की आमचा हा तरुण थोडा वेळ बाहेर जाऊन बसतो. त्याला बसू देतो. आमच्या एका मशीन ऑपरेटरला वाचताना अक्षरं जुळत नाहीत, दहावीला दोनदा नापास झाला. पण मशीनचं काही बिघडायला लागलं की आवाजावरून त्याला सर्वांत आधी कळतं. पाळीचा अहवाल तो मोबाइलवर बोलून पाठवतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने दिव्यांगत्वाचे 7 ऐवजी 21 प्रकार मानले. त्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचणं, लिहिणं किंवा गणित जड जाणं) दोन्ही आहेत. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का या दोन्हींसह बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. समान संधीचं धोरण जाहीर करणं खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. हे मला त्या तरुणाच्या वडिलांकडून कळलं. उद्योजकांच्या एकाही बैठकीत मी ते ऐकलं नव्हतं.

मेळावे भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: मुलाखतीच्या टेबलाशेजारी कामाचंही टेबल ठेवा. डाळ मिलवाल्यांनी डाळ निवडायला द्यावी, चटईवाल्यांनी विणीतला दोष शोधायला द्यावा. अर्धा तास काम बघावं आणि मग ठरवावं. पुढच्या मेळाव्याला जॉइनरचं क्रेट घेऊन मी स्वतः येतो.

– एक लघुउद्योजक, जळगाव