मॉडेल आधी पांढरंच ठेव

सई,

तुझा मेसेज वाचला. धरणात गेलेल्या गावाचं मॉडेल करायचं ठरवलंयस हे एकदम भारी, पण जुना नकाशा मिळालाय म्हणजे आता फक्त कटिंग राहिलं असं जे लिहिलंयस ना, ते काही मला पटलं नाही.

जपानमधलं बघ. मार्च २०११ च्या त्सुनामीत किनाऱ्यावरची गावंच्या गावं वाहून गेली, तेव्हा कोबे विद्यापीठातले आर्किटेक्ट ओसामु त्सुकिहाशी यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्या गावांची मॉडेलं करायला घेतली, स्केल १:५००, आणि सगळी पांढरी. मुद्दाम पांढरी हं! मग ती तिथल्याच लोकांसमोर मांडायची, कुणी म्हणालं हे आमचं घर, इथे आम्ही खेळायचो, की तिथे रंग द्यायचा आणि ती आठवण लिहिलेला इवलासा झेंडा टोचायचा. म्हणजे अर्धं गाव विद्यार्थ्यांनी केलं, उरलेलं गावकऱ्यांनी. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

तूही १:५०० च घे. १ मीटर बोर्डावर ५०० मीटर गाव बसतं, २ मिमीचा एक थर म्हणजे १ मीटर चढ, कॉन्टूरचं (समान उंचीच्या रेषांचं) गणित सोपं. पण या स्केलला माणूस जेमतेम साडेतीन मिमीचा आणि दार ४ मिमीचं होतं, त्यामुळे खिडक्यांच्या नक्षीच्या नादी लागू नकोस, त्यात आठवडे जातात आणि कोणी विचारतही नाही. उतारावर मात्र वेळ घाल. तो चुकला तर म्हातारी माणसं पटकन पकडतात, डोक्यावर हंडा घेऊन तो चढलेली असतात ती.

बारीक कामाची हौसच असेल तर प्रागच्या लांगव्हाइलचं मॉडेल बघ. लायब्ररीत नोकरी करणारा माणूस, १८२६ पासून १८३७ मध्ये वारेपर्यंत कागद-पुठ्ठ्याचं प्राग करत बसला, २००० च्या वर इमारती! तेव्हा ते शहर कुठे हरवलं होतं, रिकामटेकडा म्हणाले असतील लोक. पुढे १८९० च्या दशकात तिथली जुनी ज्यू वस्ती पाडायला घेतली आणि आता ती कशी होती ते त्याच्या मॉडेलात दिसतं. पण त्याला घराबाहेर पडून बघता येत होतं गं, तुझे रस्ते पाण्याखाली आहेत, तुला माणसांनाच विचारावं लागणार.

आणि ती भांडणार. विहीर पाराच्या अलीकडे की पलीकडे यावरून दोन आजोबा इरेला पेटले तर नकाशा काढून एकाला खोटं पाडू नकोस, दोन्हीकडे झेंडा लाव, प्रत्येकाला नंबर दे आणि कोण काय बोललं ते वहीत लिही (रेकॉर्डिंग करणार असशील तर आधी विचारून). घरं लगेच फेव्हिकॉलनं पक्की करू नकोस, टू-साइडेड टेपवर ठेव म्हणजे हलवता येतील. टेबलही कमी उंचीचं बघ, लोक खुर्चीत बसून बघणारेत, उभं राहून कोण किती वेळ बोलेल?

१ मीटरचा अखंड तुकडा मात्र करू नकोस, गाडीत घालताना कोपरे मोडतात, अर्ध्या अर्ध्या मीटरचे चार कर. आणि ती रेडीमेड हिरवी झाडं आत्ताच ऑर्डर करू नकोस, कुठे कसलं झाड होतं ते आधी विचारून घे.

बाबा