मार्करचा रंग बदलताय? आधी बोरचं विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत पेंटबॉल मार्करच्या (म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायच्या बंदुकीच्या) कस्टम रंगांवर लेख आला होता, फोटो एक नंबर होते, खरंच आवडले. पण वाचून असं वाटतं की शेड निवडली, मार्कर देऊन टाकला, झालं काम. तसं नाहीये, म्हणून हे पत्र.

ॲल्युमिनियम बॉडीवर तो जो झळझळीत लाल नाहीतर जांभळा दिसतो ना, तो बहुतेक वेळा वरून मारलेला पेंट नसतोच, ॲनोडायझिंग असतं. त्यात पार्ट सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत सोडून करंट देतात, मग मेटलच्याच पृष्ठभागाचा काही मायक्रॉन जाडीचा ऑक्साइड होतो, त्याला बारीक बारीक छिद्रं असतात, डाय त्यात शिरतो आणि शेवटी जवळजवळ उकळत्या पाण्यात ठेवून ती छिद्रं बंद करतात. दोन रंगांचा फेड करायचा तर पार्ट डायमधून हळूहळू वर काढत न्यायचा, जो भाग जास्त वेळ बुडालेला तो गडद. हे हाताचं कसब आहे, त्याचं कौतुक लेखात यायला हवं होतं. नव्वदच्या दशकात ऑटोकॉकर मॉडेलच्या मार्करवाल्यांनी मिलिंग (बॉडी कोरून घेणं) आणि स्प्लॅश म्हणजे शिंतोडे उडाल्यासारख्या रंगांचं जे वेड लावलं ते अशाच कारागिरांच्या जिवावर.

आता मुख्य मुद्दा. जुना मार्कर परत रंगवायचा तर आधीचा थर काढावा लागतो आणि तो साधारणपणे कॉस्टिक सोड्यात काढतात. कॉस्टिक नुसता रंग काढून थांबत नाही, खालचं ॲल्युमिनियमपण खातं. बाहेरून काय फरक पडत नाही, पण आत गोळी पुढं ढकलणारा बोल्ट ज्या बोरमधे, म्हणजे नळीसारख्या भोकात, मागंपुढं सरकतो तिथं थोडीशी जागा वाढली तरी ओ-रिंग (सील करणारी रबरी कडी) नीट सील करत नाही. माझ्या टीममधल्या एकाचा मार्कर असाच परत आला, रंग बघत राहावा असा, पण गॅसची टाकी लावली की ग्रिपजवळ कान नेल्यावर बारीक सिस्स आवाज, आणि रेग्युलेटरचे (गॅसचा दाब सांभाळणाऱ्या पार्टचे) आटे हाताला ढिले लागत होते. ओ-रिंगा बदलून पाहिल्या तरी गळती तशीच. बिचाऱ्यानं फार हौसेनं करून घेतलं होतं, वाईट वाटलं.

म्हणून देण्याआधी सरळ विचारायचं, बोर आणि आटे मास्क करणार (झाकून ठेवणार) की नाही, बॅटरी-बोर्ड, ओ-रिंगा सगळं काढून नुसती बॉडी घेणार ना. आणि सगळे पार्ट एकाच बॅचमधे टाका म्हणून सांगायचं, कारण ६०६१ आणि ७०७५ या दोन ॲलॉयवर एकच डाय वेगळा दिसतो, त्यात बॅचपण वेगळी असेल तर बॉडी एका शेडची नि फ्रेम दुसऱ्या. ओतीव बॉडी असेल, टिपमन ९८ सारखी, तर ॲनोडायझिंगचा नाद सोडलेला बरा, सिलिकॉनमुळे रंग मळकट करडा येतो, तिथं पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) किंवा सेराकोट (सिरॅमिकचा पातळ थर) बरं. फक्त पावडरचा थर जाड, साधारण ६० मायक्रॉनच्या वरच, त्यामुळे आट्यांवर तो चुकूनही जाता कामा नये.

आणि गॅसची टाकी, म्हणजे ४५०० पीएसआय दाबाच्या हवेची असो की सीओटूची, मॅचिंगच्या नादात कोणी भट्टीत टाकू नका, प्लीज. पावडर कोटिंगच्या ओव्हनमधे १८० ते २०० डिग्री सेल्सिअस उष्णता असते, तेवढ्यात टाकीच्या ॲल्युमिनियमची ताकद कमी होते आणि ते बाहेरून अजिबात कळत नाही. टाकीला रंगीत कापडी कव्हर मिळतं, ते घाला.

पुढच्या वेळी या विषयावर लेख घेतलात तर फोटोंसोबत काम करणाऱ्या कारागिराला विचारून हे मास्किंगचं आणि टाकीचं नक्की छापा, नवीन मुलं आपली पुरवणी बघूनच मार्कर रंगवायला देतात.

आपला,
एक वाचक व पेंटबॉल खेळाडू